कॅम्परमधली 200 एएचची लिथियम बॅटरी: पावसाळा-उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

वॉरंटीचं भांडण अजून चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडी ट्रॅव्हलर व्हॅन, आत राहण्या-झोपण्याची सोय करून घेतलेली. मागे बेड, फ्रिज, 2000 वॉटचा इन्व्हर्टर, टपावर सोलर. आधी 150 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) ट्युब्युलर, म्हणजे लेड ॲसिड प्रकारची बॅटरी होती, ती काढून 12.8 व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट टाकली. पन्नास हजारांच्या वर पैसे गेले.

आधी जे आवडलं ते. ट्युब्युलर निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, त्यामुळे 150 मधले 75 च हाताशी असायचे. ही 80 टक्क्यांपर्यंत बिनघोर वापरता येते. वजन निम्म्याहून कमी, डिस्टिल्ड वॉटरची कटकट नाही. आणि बेडखालून येणारा तो आंबूस वास गेला. लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. बंद गाडीत, झोपलेल्या माणसांच्या खाली ही गोष्ट मला कधीच पटली नव्हती. बाबांना झोपेत श्वास नीट चालावा म्हणून सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लागतं, म्हणून रात्रभराच्या विजेला आमच्याकडे फ्रिजपेक्षा जास्त किंमत आहे.

तीच वीज कोकणात आचऱ्याला मध्यरात्री गेली. मीटरवर 40 टक्के दिसत होते आणि सगळं एकदम बंद. सकाळपर्यंत मी बाबांच्या उशाशी बसून होतो. परत आल्यावर सर्व्हिस सेंटरने ऐकवलं, "वाहनात बसवली की वॉरंटी बाद." बॅटरीच्या खोक्यावर कॅरॅव्हॅनचं चित्र छापलंय, आणि कार्डावर बारीक अक्षरात वाहनातला वापर वगळलाय! मेलवर मेल, तक्रारीवर तक्रार. त्या दिवसांत हे लिहिलं असतं तर एकही तारा दिला नसता.

शेवटी कंपनीचा एक टेक्निशियन मुलगा आला. कामाचा होता. त्याने मोबाइलवर ॲप जोडून चारही सेल वेगवेगळे दाखवले. तीन सेल 3.2 व्होल्टच्या आसपास आणि चौथा 2.6 वर. थोडा लोड टाकला की तो चौथा सेल आणखी खाली जायचा आणि बीएमएस (बॅटरीच्या आतलं, सेलवर नजर ठेवणारं सर्किट) त्याला वाचवायला अख्ख्या बॅटरीचा पुरवठा तोडायचं. हे बीएमएस सगळे सेल एका पातळीवर आणतं ते बॅटरी जवळजवळ भरल्यावरच, आणि माझी बॅटरी तिथवर कधी पोचतच नव्हती. गाडी बनवणाऱ्याने सोलर कंट्रोलर (पॅनेलवरून होणारं चार्जिंग सांभाळणारा) आधीच्या बॅटरीच्या सेटिंगवर तसाच सोडला होता. मीटरही व्होल्टेजवर टक्के काढणारं. फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास हलतच नाही, त्यामुळे ते 40 टक्के शोभेचे होते. सेटिंग बदललं, घरच्या चार्जरवर 14.4 व्होल्टला बराच वेळ धरून ठेवली, सेल जुळले. शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजून टक्के काढणारं मीटर, बसवला. तेव्हापासून रात्री वीज गेलेली नाही. बॅटरीबद्दलचं मत मी तिथेच बदललं.

पण त्याच दिवशी बेडखालचा बॅटरीचा डबा उघडल्यावर जे दिसलं, त्याबद्दल माझा राग अजून उतरलेला नाही. प्लसच्या टर्मिनलपासून इन्व्हर्टरपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल, आणि मध्ये एकही फ्यूज नाही. शिवाय लग (केबलच्या टोकाची भोकाची पट्टी) थेट टर्मिनलवर न बसवता मध्ये स्टीलचा वॉशर घातलेला. तांब्याच्या लगवर निळसर-काळा डाग होता आणि लगजवळचं लाल इन्सुलेशन कडक होऊन नखाने तुकडा निघत होता. वॉशर बोल्टच्या डोक्याखाली हवा. लग आणि टर्मिनल एकमेकांना थेट भिडायला हवेत. अशा जोडात 5 मिलिओहम जरी रोध आला, तरी 150 अँपिअरला 112 वॉट उष्णता तयार होते. जुन्या 100 वॉटच्या बल्बची आच, तीही बोटभर जागेत आणि प्लायवूडला चिकटून. घाटात बोल्ट सैल होत जातो तसा रोध वाढतो. करंट नेहमीइतकाच असल्याने हे ना बीएमएसला कळतं, ना फ्यूजला.

गाडी बनवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, आत बीएमएस आहे ना, फ्यूज कशाला?" बीएमएसमधले मॉसफेट (पुरवठा चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतात तेव्हा बऱ्याचदा शॉर्ट होऊनच बिघडतात, म्हणजे तोडायच्या वेळी तोडतच नाहीत. आणि पत्र्यावर घासून केबल सोलली गेली, तर ही बॅटरी क्षणात हजारो अँपिअर देते. इन्व्हर्टरमधला फ्यूज इन्व्हर्टर वाचवतो, त्याच्या अलीकडच्या केबलला त्याचा काही उपयोग नाही. गाडीच्या फ्यूजबॉक्समधला साधा ब्लेड फ्यूजही इथे चालत नाही. एवढ्या करंटला तो वितळला तरी आर्क, म्हणजे हवेतून वाहणारी ठिणगी, चालू राहू शकते. मी डीसी रेटिंग छापलेला एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्ट सर्किट करंटही सुरक्षित तोडणारा) टर्मिनलपासून वीतभर अंतरावर बसवून घेतला. होल्डरसकट दोन हजारांच्या आत काम झालं. पन्नास हजारांची बॅटरी विकताना हे दोन हजार कुणी वाचवले आणि कुणासाठी?

फॉस्फेट रसायन स्कूटरमध्ये चालणाऱ्या निकेलवाल्या सेलपेक्षा शांत आहे हे खरं. त्यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, तापल्यावर तो सहज सुटत नाही. मार्च 2022 मध्ये पुण्यात विजेवरची स्कूटर पेटली, देशात इतरत्रही पेटल्या, त्यानंतर एआयएस-156 या बॅटरी सुरक्षेच्या मानकाचे नियम कडक झाले. पण ते दुचाकी-तिचाकी चालवणाऱ्या बॅटरीचे. कॅम्परच्या बेडखालची जोडणी कशी होते ते बॉडी बनवणाऱ्यावर आहे, आणि खराब जोडणीने प्लायवूड पेटलं की आतलं रसायन किती शांत आहे याने फरक पडत नाही.

हिमाचलात स्पितीला नेणाऱ्यांनी शून्य अंशाखाली चार्जिंग तोडणारं बीएमएस आहे का ते बघून घ्या, त्या थंडीत चार्ज केलं तर सेलमध्ये लिथियमचा थर साचून कायमचं नुकसान होतं. आपल्या कोकण-देशावर तो प्रश्न येत नाही, उलट उन्हात उभ्या गाडीत डबा तापू नये म्हणून हवा खेळती ठेवावी लागते.

बॅटरीला चार तारे, सर्व्हिसला एक, जोडणीला शून्य. नवी गाडी बनवून घेत असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी डबा उघडायला लावा, प्लसच्या केबलवर बोट ठेवून फ्यूज कुठे आहे ते विचारा आणि बोल्ट तुमच्यासमोर टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या) आवळून घ्या. "बीएमएस आहे" एवढंच उत्तर आलं तर पैसे थांबवा.