अर्धा गुंठा भाड्याने घेतला, त्याला नऊ महिने झाले

कोथरूडला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीसमोर दुसरी इमारत. कुंडीत मिरचीपलीकडे काही येईना. म्हणून जूनमध्ये भाजी लावायला मुळशी तालुक्यात पिरंगुटच्या पुढे ६०० चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जरासा मोठा शेताचा तुकडा महिना १,५०० रुपयांनी घेतला. ठिबकचं पाणी, अवजारं, शेणखत सगळं त्यातच.

जूनमध्ये घेतला हीच पहिली चूक. मुळशीकडचा पाऊस, वाफसा, म्हणजे चिखल ओसरून काम करण्याजोगी ओल, आल्याशिवाय जमिनीला हात लावता येत नाही आणि वाफसा काही रविवार बघून येत नाही. जुलैत सलग तीन रविवार चिखल बघून, भाजलेलं कणीस खाऊन परत आलो. टोमॅटो करपा रोगाने गेले. दोडका मात्र मांडवावर सुटला तो सुटलाच.

खरी फजिती भेंडीने केली. ऐन बहरात ती दिवसाआड तोडावी लागते. आम्ही जाणार आठवड्याने, तोवर निम्मी जून, निबर झालेली, सुरीसुद्धा चालेना. राखणीच्या मावशी हसून म्हणाल्या, "ताई, भेंडीला काय कळतंय तुमचा रविवार?" मग त्यांच्याशीच ठरवलं: मधल्या दिवसांत तोडतील ती भेंडी त्यांची, रविवारची आमची. तेव्हापासून आमची भेंडी एकदाही जून निघाली नाही. प्लॉटच्या जाहिरातीत या मावशींचा उल्लेखही नाही, पण प्लॉट चालतो तो त्यांच्यामुळे.

तक्रार खताची. नऊ महिन्यांत दोनदाच मिळालं, त्यातलं एकदाचं अर्धकच्चं. त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आली. वांग्याची रोपं उभ्या उभ्या सुकली, उपटून पाहिली तर मुळं कुरतडलेली. प्लॉट भाड्याने देणारे चालक म्हणाले, "नैसर्गिक शेतीत असं व्हायचंच." नीट कुजलेलं खत दिलं असतं तर एवढं झालं नसतं, आणि त्याचे पैसे आम्ही भरतोच आहोत. लव्हाळा या तणाबद्दल मात्र कुणाला दोष देत नाही. वरून कितीही खुरपा, खाली गाठ राहिली की तो परत हजर.

हिवाळ्यात सगळे कष्ट वसूल झाले. पालक, मुळा, मटार. मेथीचा अख्खा वाफा मी हौसेने एकाच दिवशी पेरला आणि महिन्याभराने एकाच दिवशी पस्तीस जुड्या निघाल्या. लिफ्टमध्ये भेटेल त्याच्या हातात जुडी! आता दहा-दहा दिवसांच्या अंतराने एकेक पट्टा पेरते. धने पेरण्याआधी रगडून दोन फोडी करायच्या, हेही मावशींकडूनच कळलं. त्याआधीची कोथिंबीर विरळ आली होती.

पैसे वाचवायला घेत असाल तर घेऊ नका. पेट्रोल धरलं तर मंडईतली भाजी कितीतरी स्वस्त पडते. घर लांब असेल आणि मधल्या दिवसांत बघणारं कुणी नसेल, तरीही नको. मी पाचपैकी साडेतीन देईन, अर्धा खतासाठी कापला, एक चिखलासाठी.

भाडं पुढे चालू ठेवलंय. उन्हाळ्यात पाणी दिवसाआड सोडणार आहेत, म्हणून सध्या गवार आणि चवळी एवढंच लावलंय. दोन्ही शेंगा कोवळ्या असताना कधी तोडायच्या, ते मावशींशी आधीच बोलून घेतलंय.