नेहमीची औषधे: एनएचएस अ‍ॅप की कागदी चिठ्ठी?

इंग्लंडमध्ये मुलाकडे स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, अ‍ॅपवरून मागवाव्यात की सर्जरीतल्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातल्या, पेटीत कागदी चिठ्ठी टाकावी, असे विचारले. खर्चात फरक नाही. साठी ओलांडलेल्यांना औषध तसेही मोफत मिळते. मंजुरी दोन्ही बाबतींत सर्जरीच देते, त्यामुळे अ‍ॅपमुळे गोळ्या लवकर मिळतील हा समज सोडावा. खरा फरक कष्टांत आहे: अ‍ॅपवर मध्यरात्रीही मागणी नोंदवता येते आणि तिची नोंद राहते, तर चिठ्ठी घेऊन पावसात चालत जावे लागते व ती गहाळ झाल्यास हाती पुरावा उरत नाही. मात्र अ‍ॅपसाठी आधी ओळख पडताळून घ्यावी लागते, आणि ज्येष्ठांची गाडी बहुधा तिथेच अडते. स्मार्टफोन सरावाचा असल्यास अ‍ॅप घ्यावे. नसल्यास, किंवा सर्जरी वाटेवरच असल्यास, कागद पुरेसा आहे.