आरसा रात्री आरसाच राहावा म्हणून: मोशन सेन्सरचे आठ महिने

दिवाळीनंतर आमच्या नागपूरच्या घरी, दाराजवळच्या पॅसेजमध्ये मी स्मार्ट आरसा लावला. जुना २२ इंची मॉनिटर, त्यापुढे मागचा उजेड आरपार सोडणारी आरशाची काच, मागे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसतं ‘पाय’) आणि त्यावर मॅजिकमिरर हे स्मार्ट आरशाचं सॉफ्टवेअर. वेळ, तापमान, आजची तिथी आणि बाबांच्या औषधांची आठवण, एवढंच दिसतं. दिवसा सगळ्यांना आवडलं. पहिल्याच रात्री मात्र पाणी प्यायला उठले आणि दचकले. काळोख्या पॅसेजमध्ये राखाडी उजेडाचा एक चौकोन भिंतीवर टांगलेला! एलसीडीचं काळं खरं काळं नसतं. चित्र काळं असलं तरी पॅनेलमागचा दिवा जळतच असतो आणि काचेतून झिरपतो. स्क्रीन नुसती काळी करून भागणार नव्हतं, ती बंदच व्हायला हवी होती.

त्यासाठी एचसी-एसआर५०१ हा हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर घेतला, म्हणजे कुणी आलं तरच स्क्रीन लागेल. शंभरेक रुपयांत मिळाला. तीनच तारा: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि आउटपुट. आउटपुट ३.३ व्होल्टचं असल्याने पायच्या पिनला थेट जोडता येतं. सुरू केल्यावर पहिलं मिनीटभर तो उगाच चालू-बंद होतो, तेव्हा त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

माझी सगळ्यात मोठी चूक जागेची. फ्रेमला भोक नको म्हणून मी तो काचेच्या मागे बसवला. अख्खा रविवार तारा तपासल्या, कोड तपासला, दुसरा सेन्सर लावून पाहिला, काही केल्या माणूस दिसेना. शेवटी उलगडा झाला. हा सेन्सर आपल्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेचे अवरक्त किरण टिपतो आणि साधी काच ते किरण अडवते. आपल्याला आरपार दिसतं म्हणून त्यालाही दिसेल असं नाही. सुताराकडून फ्रेमच्या खालच्या पट्टीत २३ मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं, सेन्सरचा पांढरा घुमट त्यातून जेमतेम बाहेर काढला आणि आरसा लगेच जागा झाला.

मग दुसरा त्रास सुरू झाला. पॅसेजमध्ये कुणी नसताना स्क्रीन लागायची. सेन्सर पायला अगदी चिकटून होता आणि पायच्या वायफायच्या लहरींनी तो फसत होता. लांब तारा घेऊन वीतभर दूर नेल्यावर ते थांबलं.

सेन्सरवर दोन छोटे स्क्रू असतात. एकाने अंतर बदलतं, साधारण ३ ते ७ मीटर. दुसऱ्याने आउटपुट किती वेळ चालू राहील ते ठरतं, काही सेकंदांपासून पाचेक मिनिटांपर्यंत. वेळेच्या स्क्रूवर विसंबू नका, जरासा फिरवला की अंदाज चुकतो. मी तो कमीत कमीवर ठेवला, सेन्सरवरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) हालचाल सुरू असेतो आउटपुट चालू ठेवणाऱ्या बाजूला लावला आणि किती वेळाने बंद करायचं ते कोडमध्ये ठरवलं. आधी एक मिनीट ठेवलं होतं. आजी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून तिथी वाचते आणि मग शांतपणे कुंकू लावते. तेवढ्यात स्क्रीन जायची. ‘अगं, हा झोपला बघ,’ अशी हाक यायची. या सेन्सरला माणूस कळत नाही, हालचाल कळते. स्तब्ध उभ्या माणसाला तो विसरतो. चार मिनिटं केल्यापासून आजीची हाक आली नाही.

स्क्रीन बंद करण्याच्या आज्ञेनेही एक संध्याकाळ खाल्ली. जुन्या लेखांत सापडणारी व्हीसीजेनसीएमडी ही आज्ञा पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीवर माझ्याकडे काहीच करेना. तिथे डब्ल्यूएलआर-रँडआर ही आज्ञा वापरून मॉनिटरला जाणारा एचडीएमआय सिग्नल बंद केला. माझा मॉनिटर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी पाच सेकंद दाखवून झोपतो. तुमचा मॉनिटर सिग्नल गेल्यावर खरंच झोपतो की निळा उजेड दाखवत बसतो, ते काच बसवायच्या आधीच बघून घ्या.

विजेचं म्हणाल तर प्लगमधल्या मीटरवर मॉनिटर २० वॅटच्या आसपास खातो. अखंड चालू ठेवला तर महिन्याला साधारण १४ युनिट. आता रोज तीन-साडेतीन तास लागतो, म्हणजे दोनेक युनिट. बचत आहे, पण मी सेन्सर लावला तो रात्रीच्या अंधारासाठी, आणि ते काम तो चोख करतो.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. दुपारी पॅसेजची भिंत हाताला गरम लागायची. सेन्सर माणूस ओळखतो तो अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानातल्या फरकावरून, आणि तो फरकच उरत नव्हता. अगदी समोर जाऊन हात हलवावा लागे. शिवाय हॉलमधल्या कूलरच्या झोताने पडदा हलला की आरसा आपोआप लागायचा. अंतराचा स्क्रू वाढवला तर पडद्याचा त्रास वाढे, कमी केला तर माणूस दिसेना. शेवटी पडद्याच्या दिशेचा घुमटाचा भाग चिकटपट्टीने झाकला आणि अंतर थोडं वाढवलं. पडद्याचं दुखणं गेलं. दुपारी बारा ते चारचा आंधळेपणा मात्र पाऊस येईपर्यंत तसाच राहिला.

मध्ये चार दिवस आरसीडब्ल्यूएल-०५१६ हा रडारवाला सेन्सरही लावून पाहिला. त्याला उन्हाचं काही नाही, पण तो भिंतीपलीकडचंही बघतो. आमच्या भिंतीला लागूनच जिना आहे. रात्री वरच्या मजल्यावरचं कुणी जिना चढलं की आमचा पॅसेज उजळायचा. पाचव्या दिवशी काढला आणि जुना परत बसवला.