डीएचटी२२ की डीएस१८बी२०: बिघाड झाला की कोण बोलतं?

नोडएमसीयूला, म्हणजे वायफायवाल्या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला, तापमानाचा सेन्सर लावायचा म्हटलं की दोनच नावं पुढे येतात: पांढरा जाळीदार डीएचटी२२ आणि स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२०. अचूकतेवरून ठरवायला जाऊ नका, कागदावर दोघंही अर्ध्या अंशाचेच. मी दोन्ही घरच्या कांदाचाळीत लावलेत, तेव्हा पुढचं मत चाळीतलं आहे, प्रयोगशाळेतलं नाही.

आधी एक आळ दोघांवरूनही काढून टाकू. सेन्सर जोडला की बोर्ड सुरूच होत नाही, ही तक्रार दोघांबद्दल ऐकू येते, पण बऱ्याचदा दोष पिनचा असतो. दोघांच्याही डेटा वायरला पुल-अप लागतो, म्हणजे ती सप्लायकडे ओढून धरणारा रेझिस्टर, त्यामुळे ती वायर एरवी हाय (सप्लायच्या व्होल्टेजवर). नोडएमसीयूवरच्या ईएसपी८२६६ चिपला मात्र सुरू होताना जीपीआयओ१५ ही पिन, म्हणजे बोर्डावरचा डी८, लो (शून्य व्होल्टजवळ) हवी असते. बोर्डावर त्यासाठी पुल-डाउन, म्हणजे ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर आहे, पण ४.७ के (किलोओहम) पुल-अपपुढे त्याचं काही चालत नाही. यातली खोच अशी, की चालू बोर्डाला वायर खोचली तर सगळं झकास चालतं. मग रात्री लाइट जाऊन येते आणि सकाळी बोर्ड ठप्प. ईएसपी३२ या भावंड चिपवर हाच उपद्व्याप जीपीआयओ१२ करतो: सुरू होताना तो हाय दिसला की चिप फ्लॅशला (प्रोग्रॅम ठेवायच्या मेमरीला) १.८ व्होल्ट द्यायला जाते आणि तिथेच अडकते. नोडएमसीयूवर डी१, डी२ किंवा डी५ घ्या, हा विषय तिथेच मिटतो.

आता डीएचटी२२. आर्द्रताही मिळते, ही त्याची खरी मिळकत. पण काहीही बिनसलं की कोडमध्ये एकच उत्तर दिसतं: नॅन, म्हणजे ‘आकडाच नाही’. वायर ढिली, नॅन. पुल-अप नाही, नॅन. ३.३ व्होल्टवर केबल जरा लांब झाली, नॅन. तो ४० बिट पाठवतो. शून्य आणि एक यांतला फरक म्हणजे सुमारे २७ आणि ७० मायक्रोसेकंदांचा. मध्येच वायफायचं काम आडवं आलं तर चेकसम (बिट नीट आले का याची पडताळणी) चुकतो आणि पुन्हा नॅन. नेमकं कुठे बघायचं, याचा पत्ता नाही.

त्यावर कहर म्हणजे लाइटच्या झटक्यानंतर माझा सेन्सर कधीकधी गोठून बसायचा. बोर्डाचं रीसेट बटण दाबून फरक पडत नाही, कारण सेन्सरचा सप्लाय तुटतच नाही. प्लग काढून परत लावायला चाळीत जावं लागतं. (सेन्सरचा सप्लाय एखाद्या जीपीआयओवरून द्यावा, म्हणजे कोडमधूनच बंद-चालू करता येतो. करंट एक-दोन मिलिअँपिअरच लागतो, पिनला तो झेपतो.) कदाचित माझ्याच वाट्याला तसा नग आला असेल. तुमचा वर्षानुवर्षं बिनतक्रार चालेलही.

डीएस१८बी२० बिघडतो तेव्हा काहीतरी सांगतो. नेहमीच्या लायब्ररीत (सेन्सर वाचणाऱ्या तयार कोडमध्ये) उणे १२७ आलं म्हणजे सेन्सर उत्तरच देत नाही: वायर, पुल-अप नाहीतर पिन बघा. ८५ आलं म्हणजे सेन्सर जिवंत आहे, पण मोजणी झालेली नाही. ती त्याची सप्लाय मिळतानाची मूळ किंमत आहे. कोड पूर्ण रिझोल्यूशनला (सर्वांत बारीक मोजणीला) लागणारे ७५० मिलिसेकंद थांबला नसेल किंवा मध्येच सप्लाय पडला असेल. वायर लावताच बोर्ड मान टाकत असेल आणि सेन्सर चटका बसण्याइतका तापत असेल, तर सप्लाय आणि ग्राउंड उलटे आहेत. लगेच काढलंत तर बहुधा वाचतो. आकडा बघून घरबसल्या निम्मं निदान होतं, आणि माझा कौल इथेच पडला.

याच्याही खोडी आहेत. बाजारात नकली भरपूर. त्यातले बरेच दोन वायरींवर (वेगळी सप्लायची वायर न देता) नीट चालत नाहीत, म्हणून तिन्ही वायरी जोडाव्यात. प्रोबच्या वायरींचे रंग एकसारखे असतीलच असं नाही, विकणाऱ्याची आकृती बघितल्याशिवाय जोडू नये. स्टीलची नळी तापमान सावकाश पकडते, पण कांद्याच्या ढिगाला कुठे घाई असते? उलट एकाच वायरवर तीन-चार प्रोब लावून ढिगात वेगवेगळ्या खोलीवर खुपसता येतात. डीएचटी२२ला प्रत्येकी एक पिन लागते, आणि तो ढिगात खुपसायची सोयही नाही.

आर्द्रता हवीच असेल, आणि चाळीत ती हवीच असते, तर डीएचटी२२ जरूर लावा. माझाही आहे, बोर्डाजवळ, आखूड वायरवर. पण तापमानासाठी मी त्याचा आकडा बघत नाही. पंखा कधी लावायचा ते प्रोब ठरवतात. घेताना ४.७ केचे चार-दोन रेझिस्टर सोबत मागून घ्या, नुसत्या प्रोबबरोबर ते सहसा येत नाहीत.