फिग्मा दोन वर्षं वापरलं, मराठी ॲपवाल्यांनी वाचा

फिग्मा म्हणजे ॲपचे स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस, तीन पोरं आणि तिघांकडं विंडोज लॅपटॉप, त्यामुळं स्केच नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरचा विषयच नाही, ते फक्त मॅकवर चालतंय. शिकताना ॲडोबी कंपनीचं एक्सडी वापरलेलं पण त्यांनी त्यात नवीन काही घालायचं बंद केलं. उलट २०२२ ला ते फिग्माच २० अब्ज डॉलरला घ्यायला निघालेले, युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांनी आडकाठी घातली आणि डिसेंबर २०२३ ला सौदा मोडला. बरं झालं बाबा.

तर फिग्मा. ब्राउझरमध्ये उघडतंय आणि एकाच फाइलवर अनेकांना एकदम काम करता येतंय. ऑटो लेआउट तर नाद खुळा. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत्याचं ॲप करत होतो, बटणावर 'सेव्ह' लिहिलेलं, मालक म्हणाले मराठी पाहिजे, तिथं 'रव्यांची नोंद करा' (रवे म्हणजे गुळाच्या ढेपा) टाकलं तर बटण आपोआप लांबलं आणि शेजारचं नीट बाजूला सरकलं, आधी हे सगळं हातानं ओढत बसायचो.

मराठीसाठी एक सांगतो, गुगल फॉन्ट्स आतच मिळतात, मी मुक्ता वापरतो, पण इंग्रजीसारखी लाइन हाइट, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, ११०-१२० टक्के ठेवू नका, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतोय. मी १५० च्या आसपास ठेवतो. आणि मजकूर पहिल्या दिवसापासून खरा घाला, शेतकऱ्याचं नाव, गाव, रवे, दर सगळं, नायतर शेवटी सगळं परत करायला लागतंय.

प्रोटोटाइपची, म्हणजे बोट मारून बघता येणाऱ्या नमुन्याची, लिंक मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवली. सौदा चालू, हाताला गूळ, त्यातच फोन धरून रव्यांच्या रकान्यावर तीनदा बोट मारलं आणि म्हणाले, "पाव्हणं, हे मेलंय काय?" चूक माझी, साध्या प्रोटोटाइपमध्ये खरं टायपिंग होत नाही हे आधी सांगायला पाहिजे होतं. स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र पण काढलं नव्हतं, खरा कीबोर्ड आला असता तर खालचं नोंदीचं बटणच झाकलं असतं. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मसोबत कीबोर्डचं चित्र टाकतोच, आणि बटणं जरा मोठीच, चिकट हाताची माणसं आहेत ती.

पैशाचं म्हणाल तर फ्री प्लॅनमध्ये टीमच्या फाइल्सवर मर्यादा आहे आणि डेव्ह मोडला (डेव्हलपरला डिझाइनची मापं आणि कोड दाखवणारा भाग) पैसे पडतात. डेव्हलपरला सीएसएस, म्हणजे रंग-मापांचा कोड, फुकट बघायचं असंल तर पेनपॉट बघा, फिग्मासारखंच सॉफ्टवेअर, ओपन सोर्स आहे, स्वतःच्या सर्व्हरवर पण टाकता येतंय. शिकणाऱ्या पोरांनी तर आधी तेच उघडावं. पण रोजचा हात आमचा फिग्मावरच बसलाय.

आम्ही बदल करायला एकच पेड सीट (एका माणसाची पैसे भरून घेतलेली जागा) घेतली, बाकीचे फुकटात बघतात आणि कॉमेंट टाकतात. मालकांना पण ॲक्सेस दिलाय, ते कॉमेंट करत नाहीत, सरळ फोन लावतात.