एक्सपी-६०० हेडचं टेबलटॉप डीटीजी मशीन: नागपूरच्या उन्हाळ्यात शाई कितपत टिकते?

गडद टी-शर्टवर थेट छपाई (डायरेक्ट-टू-गारमेंट, म्हणजेच डीटीजी) हवी आणि बजेट आखूड, अशा गिऱ्हाइकाला डीलर बहुधा हेच मशीन दाखवतात. ए-३ मापाचा पाट, शाई फवारणारं एकच हेड (एपसनचं एक्सपी-६००), त्यातल्या सहा चॅनेलपैकी चार रंगांना आणि दोन पांढऱ्याला. छपाई चांगली येते. शंभर टक्के सुती कापडावर बारीक अक्षरंही सुटसुटीत उठतात. डोकेदुखी असते ती शाईची, आणि मार्च संपला की ती वाढते.

पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड. मशीन बंद राहिलं की ते नळीत आणि डॅम्परमध्ये (हेडच्या तोंडाशी असलेली शाईची छोटी, जाळीची डबी) खाली बसतं. ‘व्हाइट सर्क्युलेशन’ आहे असं ऐकून भुलू नका. शाई नुसती टाकीत ढवळली जाते की डॅम्परपर्यंत जाऊन परत येते, हे झाकण उघडून बघा. टाकीपुरतीच असेल तर रोज थोडी पांढरी छपाई काढावीच लागेल, रविवारीसुद्धा.

बंद पडलं की लोक आधी शाईला शिव्या देतात. त्याआधी नोझल चेकचे (हेडच्या बारीक छिद्रांतून शाई येते का, ते दाखवणाऱ्या रेघांचे) तीन प्रिंट काढून शेजारी ठेवा. तिन्हीत त्याच रेघा गायब असतील तर नोझल चोंदलंय. दर वेळी वेगळ्या गायब असतील तर लाइनमध्ये हवा आहे किंवा डॅम्पर गेलाय. चेक पूर्ण येतो, पण डिझाइनच्या मध्यावर पांढरा विरळ होतो? मग हेडला शाई पुरत नाही: नळी दुमडलेली, डॅम्परची जाळी भरलेली, नाहीतर टाकीचं हवेचं छिद्र बंद. लागोपाठ तीनदा क्लीनिंग करूनही फरक नसेल तर थांबा. पुढच्या क्लीनिंगने फेस होतो आणि चांगली नोझलंही जातात.

कॅपची, म्हणजे मशीन थांबल्यावर हेड जिच्यावर टेकतं त्या रबरी कडेच्या वाटीची, तपासणी सोपी आहे. हेड बाजूला घ्या, कॅप क्लीनिंग लिक्विडने काठोकाठ भरा, पंप चालवा. लिक्विड झरझर खाली गेलं तर पंप ठीक. तिथेच राहिलं तर कॅपखालची नळी सुटलीय किंवा पंप दमलाय, आणि अशा वेळी हेड बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. कॅपची रबरी कड रोज संध्याकाळी पुसा, कारण तिच्यावर वाळलेली शाई राहिली की रात्रभर हेडला हवा लागते. नवा डॅम्पर बसवताना १० मिलीच्या सिरिंजने शाई हळूच ओढा, बुडबुडे थांबेपर्यंत. हेडमध्ये जोर लावून काहीही ढकलायचं नाही. बोअरचं पाणी तर मुळीच नाही, त्यातले क्षार नोझलमध्येच बसतात.

आता आपल्या उन्हाचं. मे अखेरच्या नवतपात पारा ४५च्या आसपास असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. मशीनला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता हवी. कूलर उपयोगी पडतो, पण झोत मशीनवर नको, ताटीचा भुसा आणि सुताचे तंतू थेट हेडखाली जातात. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर मशीनशेजारी टांगा, दारापाशी नव्हे.

प्रीट्रीटमेंटची (छपाईआधी कापडावर मारायच्या द्रावाची) फवारणी मात्र दुसऱ्या खोलीतच करा. त्यातल्या कॅल्शियमच्या क्षाराने शाई घट्ट होते. कापडावर तेच हवं असतं, पण तुषार उडून हेडवर बसले की तिथेही तेच होतं. जागा एकाच खोलीची असेल तर हे मशीन घेऊ नका.

धुतल्यावर पांढरा तडकला तर दोष हेडचा नाही, बहुधा शाई तापवून पक्की करणाऱ्या हीटप्रेसचा. १६० अंश डिस्प्लेवर दिसतात, पाटाच्या कोपऱ्यात कमी भरतात. हातातल्या थर्मामीटरने चारही कोपरे मोजा.

गणपती मंडळांच्या टी-शर्टसारखी हंगामी कामंच येत असतील तर गांधीबागेतून कोरे शर्ट उचलून डीटीएफ फिल्म (डिझाइन फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर उतरवतात ती) बाहेरून छापून घेणं स्वस्त पडेल. रोज काम असेल तर मशीन घ्या, सोबत दोन डॅम्पर आणि एक कॅप जादा मागा, आणि वॉरंटीच्या कागदात हेड धरलंय की वगळलंय ते पैसे देण्याआधी वाचा.