सीटी-एमआरआयसाठी एआर: होलोलेन्स २ घ्यावा की क्वेस्ट ३?

मेडिकल इमेजिंगमध्ये एआरवर (समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र दाखवणं) काम करायचं ठरलं की गाईड हमखास मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा हेडसेट सुचवतात, कारण आधीचे ढीगभर पेपर त्यावरच आहेत. पण मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि सुरक्षा अपडेट २०२७ संपेपर्यंतच मिळणार आहेत. आता पीएचडी सुरू करणाऱ्याने हे आधी बघावं. किंमतही बघावी: बाजारात आले तेव्हा होलोलेन्स २ची किंमत ३५०० डॉलर होती, मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटची ५०० डॉलर.

खरा फरक मात्र दिसण्यात आहे. होलोलेन्सची काच पारदर्शक असते. रुग्ण थेट डोळ्यांना दिसतो, त्यावर प्रकाशाने चित्र उमटतं. आता प्रकाशाने काळा रंग कसा दाखवणार? जिथे काळं, तिथे आरपार. छातीच्या सीटीचा स्लाइस उघडलात की फुप्फुसातल्या हवेच्या जागी मागची भिंत दिसते. अशा पडद्यावर बारीक गाठ शोधायचा नाद सोडाच. हाडाचं थ्रीडी मॉडेल उठून दिसतं, पण ऑपरेशन थिएटरचा दिवा लागला की तेही फिकं पडतं. शिवाय चित्राचा फोकस साधारण दोन मीटरवर आणि काम अर्ध्या मीटरवर, त्यामुळे हात आणि चित्र एकदम स्पष्ट दिसत नाहीत.

क्वेस्टमध्ये सगळं कॅमेऱ्यातून येतं, त्यामुळे काळं काळंच राहतं. उलट कमी उजेडात दृश्यात दाणे येतात, जवळच्या वस्तूंच्या कडा किंचित वाकतात. आणि मधेच बॅटरी संपली तर डोळ्यांपुढे अंधार! हातात सुई असताना हे कोण चालवून घेईल? मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिलेला एक्सव्हिजन हा हेडसेटही पारदर्शकच आहे.

माझं मत विचाराल तर शिकवणं, शस्त्रक्रियेचं नियोजन आणि फँटमवरचे (रुग्णाऐवजी वापरायच्या नकली अवयवावरचे) प्रयोग यांसाठी क्वेस्ट ३ घ्या. थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये सेगमेंटेशन (स्कॅनमधला हवा तो अवयव वेगळा काढणं), मग युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये ॲप बनवणं, हा रस्ता दोन्हीकडे सारखाच. ओपनएक्सआर हे वेगवेगळ्या हेडसेटसाठीचं सामायिक मानक धरून लिहिलंत तर पुढे हेडसेट बदलला तरी बराचसा कोड वाचतो. प्रत्यक्ष रुग्णावर जायचं असेल तर पारदर्शक हेडसेटच हवा. विभागात होलोलेन्स पडून असेल तर तोच मागा, नवा घेऊ नका.

रजिस्ट्रेशनची, म्हणजे स्कॅनचं चित्र रुग्णाच्या शरीरावर नेमकं बसवण्याची, डोकेदुखी मात्र दोन्हीकडे आहे. श्वासागणिक यकृत सरकतं, स्कॅन काही सरकत नाही. वेळ राखून ठेवायचा तो त्यासाठी.